वाळूने केली पंचाईत!

हायवेवर एक्स्पर्ट, वाळूत बिगारी! हे सर्टिफिकेट मला दापोलीजवळच्या एका वीकएंड राइडला मिळालं. रस्ता संपून वाळू लागली, पुढचं चाक डगमगलं, सवयीनं बोटं ब्रेकवर गेली आणि मी आडवा! उजवा हात प्लास्टरमध्ये, ऑफिसात तीन आठवडे डाव्या हातानं टायपिंग.

'अरे, वाळूत ब्रेक नाही, थ्रॉटल!' मित्रानं तेव्हा सुनावलं. वजन मागे न्यायचं, थ्रॉटल चालू ठेवायचा, म्हणजे पुढचं चाक हलकं राहतं. घाबरून सोडलात की ते रुतलंच.

म्हणूनच लॉमेलची गोष्ट वाचली आणि मला अगदी आपल्यातली वाटली. 'मोटोक्रॉस ऑफ नेशन्स' म्हणजे या खेळाचा वर्ल्ड कप, प्रत्येक देशाचे तीन रायडर. २००५ ते २०११ सलग सात वर्षं अमेरिका जिंकली. २०१२ला स्पर्धा बेल्जियममधल्या लॉमेलला आली. टीममध्ये रायन डन्जी, ब्लेक बॅगेट आणि जस्टिन बार्सिया. पहिले दोघं त्याच वर्षीचे अमेरिकन चॅम्पियन! निकाल? जर्मनी पहिली, बेल्जियम दुसरं, अमेरिका तिसरी.

कॅलिफोर्निया आणि बेल्जियममध्ये नऊ तासांचा फरक. पण जेट लॅग चार-आठ दिवसांत उतरतो. खरी गोची लॉमेलच्या खोल वाळूची. बाइक्स जाऊन जाऊन तिथे लाटांसारखे खड्डे पडतात, मागच्या लॅपला सापडलेली वाट पुढच्या लॅपला गायब! कडक मातीसाठी बसवलेलं सस्पेन्शन इथे चालत नाही, इंजिनाचा दम निघतो. आणि हे अर्धा तास, वर दोन लॅप. अमेरिकेतही साउथविकला वाळूचा ट्रॅक आहे. पण सीझनमध्ये एकदा भेटणारी वाळू वेगळी आणि लहानपणापासून अंगवळणी पडलेली वेगळी.

यावर उपाय एकच, तिथे जाऊन राहायचं. ऑस्ट्रेलियाच्या हंटर आणि जेट लॉरेन्स या भावांनी तेच केलं. अख्खं कुटुंब आधी युरोपला, मग अमेरिकेला. २०२३च्या अमेरिकन आउटडोअर सीझनमध्ये जेटनं ४५० गटातल्या बावीसच्या बावीस रेस जिंकल्या. २०२४ला ऑस्ट्रेलियानं 'नेशन्स' पहिल्यांदा जिंकली, २०२५ला पुन्हा.

प्लास्टर निघाल्यावर मीही दापोलीला जाऊन आलो. पुन्हा पडलो. पण या वेळी थ्रॉटल देताना, बरं का!