कांद्याचा शब्द कागदावर हवा

१ एप्रिल २०२५ ला कांद्यावरचे वीस टक्के निर्यात शुल्क उठले. २२ मार्चला अधिसूचना निघाली तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतला सर्वसाधारण दर क्विंटलला तेराशेच्या घरात होता, लाल कांदा सरत आला होता आणि उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समित्यांत येऊ लागले होते. त्या वर्षी रब्बीचा कांदा २२७ लाख टन, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघेल, हा केंद्राचाच अंदाज होता. एवढा माल देशात खपायचा नाही, म्हणून दार उघडले. चांगलेच झाले. त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. पण तेव्हा जिल्ह्यात जी चर्चा चालली ती ‘भाव कितीने सुधारेल’ या एकाच प्रश्नाभोवती फिरली. हे दार पुन्हा बंद होणार नाही, किंवा झालेच तर किती दिवस आधी कळेल, याचा शब्द कुणी कुणाला दिला आहे का, हे कुणी विचारले नाही. असा शब्द आपल्या शेतकऱ्याला दिलेला नाही आणि परदेशातल्या गिऱ्हाइकालाही नाही. हे दोन न दिलेले शब्द एकाच गाठीने बांधलेले आहेत आणि ती गाठ कृषी खात्यापेक्षा परराष्ट्र व्यवहारात जास्त आहे.

नाशिकच्या कांद्याचे जवळचे आणि मोठे गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने निर्यात एकाएकी बंद केली आणि त्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांच्या सभेत त्या मध्येच हिंदीत बोलू लागल्या. स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे, असे त्या म्हणाल्या, आणि आधी कळवले असते तर दुसरीकडून सोय केली असती, असेही त्यांनी ऐकवले. बातम्यांत त्यातला पहिला भाग गंमत म्हणून फिरला. राजनैतिक मागणी मात्र दुसऱ्या भागात होती. बंदी करू नका असे त्या म्हणत नव्हत्या, पूर्वसूचना द्या एवढेच म्हणत होत्या. त्या नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाक्यांच्या वर गेला आणि बांगलादेशाला तो विमानाने आणावा लागला. जानेवारी २०२० मध्ये दोन्ही देशांचे वाणिज्य सचिव भेटले, तेव्हा ढाक्याने पूर्वसूचनेची मागणी पुन्हा मांडली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा बंदी आली, पुन्हा न सांगता. पेट्रापोलच्या सीमेवर भरलेले ट्रक दिवसचे दिवस ताडपत्रीखाली उभे राहिले. अशा वेळी वरच्या थराचा कांदा तग धरतो, खालच्या गोण्यांना मात्र घाम सुटतो, जाळीतून पाणी गळू लागते आणि मग वास लपत नाही. पाच-सहा दिवसांनी काही गाड्या पलीकडे सोडल्या, तोवर त्यातला बराच माल टाकून देण्याजोगा झाला होता. हा दोन वर्षांतल्या समजुतीचा भंग आहे, अशा आशयाचे खेदपत्र ढाक्याने दिले. त्यावर आपल्याकडे उत्तर नव्हते, कारण समजूत होती आणि कागद नव्हता.

सप्टेंबर २०२२ मध्ये हसीना पुन्हा आल्या. त्या भेटीच्या संयुक्त निवेदनात तांदूळ, गहू, साखर, कांदा, आले, लसूण यांचा खात्रीचा पुरवठा व्हावा ही बांगलादेशाची विनंती नोंदवली गेली. भारताने ती देशातली पुरवठ्याची स्थिती पाहून अनुकूलतेने विचारात घेऊ, असे म्हटले. त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही वाणिज्यमंत्र्यांच्या बैठकीत ढाक्याने वार्षिक कोटाच मागितला. पुढे वर्षभराने, ८ डिसेंबर २०२३ पासून, निर्यात पुन्हा बंद झाली. ‘अनुकूलतेने विचार’ या शब्दांची किंमत त्या दिवशी ढाक्याला जशी कळली, तशीच बंदीविरुद्ध चांदवडच्या रास्ता रोकोत उतरलेल्या शेतकऱ्यालाही कळली. डिसेंबरात बाजारात असतो तो लाल कांदा. तो साठवणीच्या चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. म्हणून डिसेंबरातली बंदी उन्हाळ्यातल्या बंदीपेक्षा जास्त जिव्हारी लागते, आणि म्हणूनच महिनाअखेर लासलगावचे दर जवळपास निम्म्यावर आले.

आता मालदीव पाहा. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे, तरी नाशिकमध्ये त्याची चर्चा फारशी झाली नाही. एप्रिल २०२४ मध्ये भारत आणि मालदीव यांचे संबंध गेल्या कित्येक वर्षांत नव्हते इतके बिघडलेले होते. ‘इंडिया आऊट’च्या घोषणेवर निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू यांच्या सरकारने भारतीय सैनिकांना १० मेपर्यंत देश सोडायला सांगितले होते, आणि आपल्याकडे मालदीवच्या सहली रद्द करण्याची लाट आली होती. नाशिकचा कांदा तेव्हाही बंदीखाली होता. नेमक्या त्याच वेळी विदेश व्यापार महासंचालनालयाने मालदीवसाठी २०२४-२५ या वर्षाचा कोटा जाहीर केला. त्यात तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, बटाटे, अंडी होती आणि ३५,७४९ टन कांदाही होता. ही व्यवस्था १९८१ च्या द्विपक्षीय करारातून आली आहे, आणि ती सुरू झाल्यापासूनचे हे सर्वांत मोठे आकडे आहेत, असे भारतानेच तेव्हा सांगितले. पाच लाख वस्तीचा, आपल्याशी फटकून वागणारा देश होता, तरी त्याचा कांदा थांबला नाही. मैत्रीची भाषा बोलणाऱ्या ढाक्याचा मात्र दोनदा, तीनदा थांबला. मालदीवला आपण लिहून दिले होते, बांगलादेशाला तोंडी सांगितले होते. मला तरी याहून वेगळे कारण दिसत नाही.

बंदीच्या काळात बांगलादेशाला काहीच मिळाले नाही असे नव्हे. १ मार्च २०२४ ला त्याला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातींना १४,४०० टन मंजूर झाले. एप्रिलअखेर सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टनांचा आकडा जाहीर झाला. हा माल नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड या एकाच संस्थेने पाठवायचा होता. तिची पद्धत सरकारी निवेदनात स्वच्छ लिहिली आहे: देशातला कांदा ई-निविदेने सर्वांत कमी बोलीत घ्यायचा आणि समोरच्या सरकारने नेमलेल्या संस्थेला वाटाघाटीच्या दराने, आगाऊ पैसे घेऊन द्यायचा. म्हणजे बंदीमुळे आधीच पडलेल्या बाजारात नीचांकी बोलीने खरेदी आणि त्या मालाची परदेशी मैत्रीखातर रवानगी. मैत्रीला माझा विरोध नाही. पण त्या मैत्रीचा खर्च निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होतो आणि अर्थसंकल्पात त्याची कुठे नोंद होत नाही. दुसऱ्या देशाला मदत म्हणून औषधे किंवा धान्य पाठवतो, तेव्हा त्याचे पैसे सरकार भरते. कांद्याच्या बाबतीत ते शेतकऱ्याने का भरावेत, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे वाचायला मिळालेले नाही.

मग जागतिक व्यापार संघटना काय करते, असा प्रश्न येईल. नियम आहेत, आणि ते वाटतात त्याहून आपल्याला लागू आहेत. गॅट कराराच्या अकराव्या कलमानुसार निर्यातबंदी मुळात निषिद्ध आहे. अन्नधान्याची गंभीर टंचाई टाळण्यासाठी ती ‘तात्पुरती’ करता येते. चीनच्या कच्च्या खनिजांच्या खटल्यात २०१२ मध्ये अपील मंडळाने या शब्दांचा अर्थ लावला: टंचाई निर्णायक स्वरूपाची हवी आणि उपाय मर्यादित मुदतीचा हवा. त्याच संघटनेच्या कृषी करारातले बारावे कलम सांगते की, बंदी घालण्यापूर्वी आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करा, लेखी सूचना द्या, मागितल्यास सल्लामसलत करा. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण तो देश त्या विशिष्ट अन्नपदार्थाचा निव्वळ निर्यातदार असेल तर सूट नाही. कांद्यात आपण निव्वळ निर्यातदार आहोत. म्हणजे हसीना जी पूर्वसूचना मागत होत्या, ती १९९४ मध्ये माराकेशला या करारावर स्वतः सही करून आपण मान्य केलेली आहे. तरीही या नियमांवर फार भिस्त ठेवू नये. एक तर निर्यात शुल्काला अकरावे कलम अडवत नाही, त्यामुळे चाळीस टक्के लावा की चारशे, त्याला तिथे मर्यादा नाही. दुसरे, कांद्यावरून कुठलाही शेजारी भारताला या संघटनेपुढे जिनिव्हात खेचणार नाही. आणि खेचलेच तरी अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडले आहे. सार्क या दक्षिण आशियाई संघटनेची अन्नपेढी २००७ च्या करारातून आली, पण ती तांदूळ आणि गव्हाची. सार्कची शिखर बैठकच २०१४ नंतर झालेली नाही. उरतो तो द्विपक्षीय कराराचा रस्ता.

यावर पहिला आक्षेप ग्राहकाचा, आणि तो खोटा नाही. १९९८ च्या दिल्ली निवडणुकीत कांद्याने सरकार पाडले, हे कोणताही सत्ताधारी विसरत नाही. शहरातल्या गरिबाच्या ताटातला कांदा महाग झाला तर सरकारने हात बांधून बसावे, असे कुणीच म्हणणार नाही. पण आकडे बघा. २०२३-२४ मध्ये, शेवटचे जवळपास चार महिने बंदीचे धरूनही, देशातून १७.१७ लाख टन कांदा बाहेर गेला. एकूण उत्पादन याच्या कितीतरी पट असते. दोन-तीन शेजाऱ्यांना खात्रीचा कोटा दिला तर तो उत्पादनाच्या शेकडा दोन-चारच्या पुढे जाणार नाही. साठवणीत सडून आणि वजन घटून याहून जास्त कांदा जातो. ग्राहकाची काळजी खरी असेल तर चाळींवर, शीतसाखळीवर, राखीव साठ्याच्या वेळेवर विक्रीवर खर्च करावा. सीमेवरचे फाटक हे त्यातले सर्वांत स्वस्त हत्यार आहे, पण ते सरकारला स्वस्त आहे. दुसरा आक्षेप असा की बांगलादेश तरी कुठे भरवशाचा आहे? त्यांचा कांदा निघाला की तेही आयात आवळतात. हेही खरे. म्हणूनच करार दुतर्फा हवा: आम्ही अमुक टन अडवणार नाही, तुम्ही अमुक टन उचलाल. तिसरा आक्षेप मुत्सद्दी करतात. कांदा मोकळा हातात असला तर वेळप्रसंगी दबावाला उपयोगी पडतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी २०१९ पासून या दबावाने मिळवलेली एक तरी गोष्ट दाखवावी. उलट ढाक्यात प्रत्येक बंदीनंतर तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, पाकिस्तान इथल्या कांद्याची चौकशी वाढली.

गिऱ्हाईक दुसरीकडे वळले की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेने घालून दिले आहे. जून १९७३ मध्ये निक्सन सरकारने देशांतर्गत भाव आवरण्यासाठी सोयाबीनची निर्यात थांबवली. बंदी फार दिवस टिकली नाही. पण सोयाबीनसाठी अमेरिकेवर विसंबलेल्या जपानने त्यातून धडा घेतला. पुढच्याच वर्षी जपानी पंतप्रधान तानाका ब्राझीलला गेले, आणि दशक संपण्याआधी तिथल्या सेरादोच्या माळरानावर जपानी पैशाने शेती उभी राहू लागली. आज सोयाबीनचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार ब्राझील आहे. अमेरिकेचा तो निर्णय एका उन्हाळ्याचा भाव आवरायला घेतलेला होता. नाशिकने आपल्या गिऱ्हाइकावर तीच वेळ पुनःपुन्हा आणली आहे. नाशिकने म्हणजे नाशिकच्या वतीने दिल्लीने.

ढाक्यात ऑगस्ट २०२४ मध्ये सत्ता बदलली, संबंध थंडावले, अशा वेळी करार कसला, असे कुणी म्हणेल. मालदीवचा कोटा संबंध तुटायच्या बेतात असतानाच निघाला होता, हे विसरू नये. करार काही फार गुंतागुंतीचा नको. दरवर्षी ठरलेले टन, बंदी आली तरी त्यातून वगळलेले. शुल्क किंवा बंदी लावण्यापूर्वी तीस दिवसांची लेखी सूचना. भरलेल्या, पतपत्र उघडलेल्या मालाला मुभा. आणि खरेदी एका संस्थेच्या नीचांकी बोलीने नव्हे, तर बाजार समितीच्या लिलावातून. बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ यांच्याशी इतके लिहून झाले तर दिल्लीचे हात जितके बांधले जातील तितका शेतकरी मोकळा होईल. कारण आपल्या शेतकऱ्याला दिलेला शब्द सरकार एका अधिसूचनेने फिरवू शकते, दुसऱ्या सार्वभौम देशाला सही करून दिलेला शब्द फिरवायला मात्र त्याला दहादा विचार करावा लागतो. जिल्ह्याच्या खासदारांनी, बाजार समित्यांनी आणि शेतकरी संघटनांनी आजवर कृषी आणि ग्राहक व्यवहार या दोनच मंत्रालयांचे उंबरे झिजवले. पुढचे शिष्टमंडळ वाणिज्य आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे न्यावे, आणि सोबत मालदीवच्या कोट्याची ती अधिसूचना न्यावी. हे खरिपाचा कांदा बाजारात येण्याआधी व्हावे.