चरीचा संप आणि आपला सात-बारा



उसाची नोंद घेताना आम्ही आधी सात-बारा मागतो. तरुण सभासद तो चटकन काढून देतात. पण त्या उताऱ्यावर कसणाऱ्याचे नाव फुकट चढलेले नाही. त्यासाठी अलिबागकडच्या कुळांनी सहा वर्षे हाल सोसले, ती हकिकत आपल्या पोरांना ठाऊक असावी.

आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा. खाडीकाठची भातशेती, राबणार कूळ, मालक खोत. चिखल कुळाने तुडवायचा आणि खळ्यावर निम्मे भात खोताकडे जायचे, शिवाय वेठ वेगळी. नारायण नागू पाटील यांनी कुळांना एक केले. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावी ठरले, की खोताची जमीन कसायची नाही. २५ गावे संपात उतरली. मग खायचे काय? लोकांनी रानातली लाकडे विकली, खाडीत मासे-चिंबोऱ्या धरल्या, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. हे १९३९ पर्यंत चालले.

नुसत्या संपाने भागत नाही, कायदा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर धडकला. पुढे १९३९ व १९४८ चे कूळकायदे आले, १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

त्याच सुमारास, १९३५ साली, अमेरिकेने कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा केला; त्यातून शेतमजूर मात्र वगळले. म्हणजे शेतात राबणारा तिकडेही मागेच राहिला!

आणि आपल्याकडे? आपण आता मालक झालो. फडात कोयता चालवणारा मात्र उचल घेऊन येतो, अन् हिशोब मुकादमाच्या वहीत. टोळ्या खुशाली मागतात ही सभासदांची तक्रार आम्ही रोज ऐकतो, ती खोटी नाही. पण किती टन तोडले, उचलीतले किती फिटले, हे त्या जोडप्याला कोण सांगतो?

तेव्हा आमचे एवढेच म्हणणे आहे. आपल्या फडातल्या प्रत्येक खेपेचे वजन टोळीला वाचून दाखवा आणि पाण्याची, सावलीची सोय करा. वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबर तोडणाऱ्याच्या हिशोबाचाही प्रश्न विचारा. कुळाची नातवंडे खोत झाली, असे कोणी म्हणू नये.

— ऊस विकास अधिकारी