चार इंची करवत, झाडभर उत्साह

चार किंवा सहा इंचांची पट्टी, पिस्तुलासारखी मूठ आणि शेपटाला बॅटरी. मोबाइलवर या मशीनची जाहिरात बघितली की वाटतं, परसातला आंबासुद्धा आता आपणच उतरवू. आंबा राहू द्या. मात्र फांद्या छाटायच्या असतील तर ही चिमुकली चेनसॉ खरोखर कामाची आहे. आणि तिचं घराणं तर तिच्याहून मजेदार!

मूळपुरुषांपासून सुरुवात करू. साखळीची करवत जन्माला आली ती झाडांसाठी नव्हे, हाडांसाठी. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे हे दोन स्कॉटिश डॉक्टर हाताने ओढायची दातेरी साखळी वापरत. अडलेल्या बाळंतपणात ओटीपोटाचा सांधा मोकळा करणं, हे तिचं एक काम. अंगावर काटा आला असेल तर पुढे चला.

बॅटरीवरची करवत म्हणजे नवं खूळ, असं म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतात. त्यांना सांगा, आंद्रेआस श्टील यांनी जर्मनीत १९२६ साली बनवलेली पहिली चेनसॉ विजेवरच चालायची. वजन ६४ किलो, पेलायला दोन माणसं! त्यांची पेट्रोलवरची करवत आली ती १९२९ मध्ये. आजची चार इंची बॅटरीसकट साधारण दीड किलोची. म्हणजे वीज परत आली, फक्त वजन टाकून आली.

चेनच्या दातांचं श्रेय एका अळीला आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ मध्ये एका खोडापाशी थबकला. आत एक अळी लाकूड खात होती, आणि जबड्याने डावीकडे-उजवीकडे करत सरळ, आडवं, कसंही सहज पोखरत होती. कॉक्सने तोच जबडा पोलादात उतरवला आणि पुढच्या वर्षी चेनचा कारखाना काढला. आजही चेनमध्ये एक दात डावा, एक उजवा असतो.

आता मुद्द्याचा प्रश्न: किती जाड फांदी कापेल? चार इंची पट्टी म्हणजे दहा सेंटिमीटर, पण म्हणून दहा सेंटिमीटरची फांदी तिच्या गळ्यात घालू नका. पाच सेंटिमीटर जाड फांदीत कापायचं लाकूड सुमारे २० चौरस सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर जाड फांदीत ते जवळजवळ ७९. जाडी दुप्पट, मेहनत चौपट. सहा-सात सेंटिमीटरपर्यंत मशीन खुशीत चालतं, त्यापुढे कुंथतं.

व्होल्टचा आकडा ही सगळ्यात मोठी गंमत. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा. पाच जोडले की १८. पूर्ण चार्ज झाल्यावर हाच सेल ४.२ दाखवतो, म्हणजे पाचांचे २१. दुकानात १८, २० आणि २१ व्होल्टची तीन मशीनं शेजारीशेजारी मांडलेली दिसतात, आणि पोटात बहुतेक तेच पाच सेल! स्वस्तातल्या डब्यावर ‘८८’ वगैरे दिसलं तर दुकानदाराला सेल किती ते विचारा आणि त्याचा चेहरा बघा. खरा हिशोब वॉट-तासांचा. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. एका लिटर पेट्रोलमध्ये असतात नऊ हजारांच्या आसपास. इंजिनाने तीन चतुर्थांश वाया घालवले तरी दोन हजारांवर उरतात. म्हणून दिवसभराची तोड पेट्रोलवाल्याकडेच राहील. घरच्या बागेला दोन बॅटऱ्या पुरतात. विदर्भातल्या वाचकांनी मे महिन्यात चार्जर उन्हातून आत आणावा. साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग या सेलना मानवत नाही.

धार गेली हे भुशावरून कळतं. जाडसर किस पडतोय तोवर ठीक. पीठ पडायला लागलं की कानस काढा. बऱ्याच लहान मशीनना आपोआप ऑइल मिळत नाही, ते थेंबाथेंबाने आपणच द्यायचं.

या मशीनचा खरा धोका आहे तिचं गरीब रूप. ती एका हाताने चालते, म्हणून रिकामा हात फांदी धरायला जातो, नेमका चेनच्या वाटेवर. शिवाय पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून आपल्याकडेच येतं. शिडीवर उभं राहून हा खेळ करणाऱ्याला मी तरी धाडसी म्हणणार नाही. आणि चेनला हात लावण्याआधी बॅटरी बाहेर!

झाडं बरी कशी होतात, हे शिकवण्यातही चेनसॉचा हात आहे. अलेक्स शिगो १९५९ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेत आले, तेव्हा एका माणसाने चालवायची चेनसॉ नुकतीच हाताशी आली होती. त्यांनी झाडं आडवी न कापता उभी चिरली आणि आतल्या जखमा पाहिल्या. झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत घालतं. म्हणून फांदी जिथे खोडाला मिळते तिथलं फुगीर कडं शाबूत ठेवून त्याच्या बाहेर कापायचं. आधी थोडं अंतर सोडून खालून खाच, मग वरून काप, शेवटी उरलेला खुंट. हे तीन काप छोट्या करवतीने फार सुबक जमतात, कोयत्याने नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ च्या कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते, झाड आपल्याच आवारातलं असलं तरी. मशीन किती छोटं, याला तिथे किंमत नाही. गोव्यात वेगळीच मौज झाली. २०१६ मध्ये माड कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला, नंतर परत आत आला. चेनचं मत मात्र ठाम आहे: माड हे झाड नव्हेच, तो काथ्या आहे. त्याचे तंतू चेनमध्ये गुंतले की मशीन खोलून ते एकेक उपसत बसावं लागतं, आणि तोवर माडावर चढणाऱ्या शेजारच्या पाडेल्याने कोयत्याने चार झावळ्या उतरवलेल्या असतात.