मशिदीत उघडलेला दवाखाना

पूर ओसरतो, मदतीच्या गाड्या परततात आणि गरिबांच्या वस्तीत खरी परीक्षा सुरू होते. अशा वेळी मोहल्ला काय करू शकतो, याचे एक उदाहरण आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

29 ऑगस्ट 2005 रोजी कतरिना वादळ आले. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि सुमारे 80 टक्के शहर पाण्याखाली गेले. नदीपलीकडचा अल्जिअर्स भाग बुडाला नाही, पण तिथे उपचार मिळेनात. तिथले रहिवासी मलिक रहीम यांनी मित्रांसह अवघ्या 50 डॉलरवर ‘कॉमन ग्राउंड’ ही संस्था उभी केली. काही दिवसांतच तिचा मोफत दवाखाना मस्जिद बिलालमध्ये सुरू झाला. तो सर्वांसाठी खुला होता. पुढे स्वयंसेवकांनी लोअर नाइन्थ वॉर्ड या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतील घरांमधला चिखल, सडलेले सामान आणि बुरशी धरलेल्या भिंती काढल्या. घर वाचले तरच माणूस परततो. संस्थेचे ब्रीद होते : दान नव्हे, एकजूट.

त्याच वर्षी 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला होता. मुंबईकर तो दिवस विसरलेले नाहीत.

सदका-जकात द्यावीच. पण पावसाळ्यापूर्वी प्रत्येक जमातीने एक यादीही करावी : एकटे वृद्ध कोण, इन्सुलिन कोणाला लागते, जवळचे डॉक्टर, नर्स, वायरमन कोण. त्या यादीत शेजारचे बिगरमुस्लिम घरही असावे. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने शिकवलाच आहे.