ई-रिक्षाची बॅटरी : निगा आणि हिशेब

नागपुरासारख्या शहरात सायकलरिक्षा चालविणाऱ्याचे सारे भांडवल त्याच्या पायांत असे. पाय थकले की तो थांबे, भाकरी खाऊन झोपे, आणि सकाळी ते भांडवल पुन्हा उभे राही. २०१५ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ई-रिक्षाला मान्यता मिळाली आणि हे भांडवल पायांतून निघून आसनाखालच्या बॅटऱ्यांत जाऊन बसले. ते थकते कसे आणि ताजे होते कसे, हे ज्याला ठाऊक नाही त्याची कमाई बॅटऱ्या बदलण्यातच जाते. म्हणून आम्ही हा विषय कामगारांच्या प्रश्नांत धरतो.

लिथियमच्या बॅटऱ्यांची तऱ्हा निराळी. येथे आम्ही शिशाच्या, पाणी घालावयाच्या बॅटरीबद्दल बोलत आहोत. अशा रिक्षात बहुधा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट करतात. एकेका बॅटरीत सहा घरे, म्हणजे एकूण २४. प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या पातळ गंधकाम्लात बुडालेल्या असतात. ही युक्ती प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली काढली. रिक्षा चालते तेव्हा आम्लातील सल्फेट पट्ट्यांवर बसते व आम्ल पातळ होते; चार्जिंग केले की ते पुन्हा आम्लात परतते. मात्र बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली, तर तो मऊ थर कठीण खडा धरतो आणि मग सुटत नाही. म्हणून पहिला नियम असा की, रिक्षा घरी आली की त्याच रात्री चार्जिंग, आणि तेही पुरे.

दुसरा नियम, बॅटरी तळापर्यंत उपसू नये. रोज निम्मी वापरलेली बॅटरी रोज रिकामी केलेलीपेक्षा कितीतरी अधिक फेऱ्या देते. चालत्या रिक्षाचा काटा ४२ व्होल्टकडे उतरू लागला की सवारी घेणे थांबवावे.

तिसरा नियम पाण्याचा. नळाच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांना घातक, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच घालावे, आणि तेही चार्जिंग झाल्यावर. चार्ज होताना पातळी चढते. आधी काठोकाठ भरल्यास आम्ल उतू जाते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तरच त्या बुडण्यापुरते पाणी आधी घालावे. वरून ॲसिड कधीही घालू नये, कारण उडते ते पाणी. आम्ल आतच राहते.

चौथा नियम उष्णतेचा. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य अदमासे निम्मे होते, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून रिक्षा थांबताच प्लग लावू नये. बॅटरी निवू द्यावी. चार्जिंग सावलीत, मोकळ्या हवेत करावे. त्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ बिडी-काडी नको.

पाचवा नियम, चौघींकडे सारखे लक्ष. पुऱ्या चार्जिंगनंतर हायड्रोमीटरने प्रत्येक घर तपासावे. एक घर इतरांहून फार खाली दिसले, तर तेच सर्वांना ओढून खाली आणते. टर्मिनलवर साचलेली बुरशी झाकणे घट्ट लावून सोड्याच्या पाण्याने धुवावी, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. चाकांत हवा कमी असली किंवा ब्रेक घासत असला, तरी भुर्दंड बॅटरीलाच.

यांतील बरेचसे पुष्कळ चालकांना ठाऊक आहे. मग पाळले का जात नाही? जो रोजच्या भाड्याने रिक्षा घेतो, त्याला आधी मालकाचे भाडे काढावे लागते. स्वतःची कमाई त्यानंतर. काटा उतरला तरी तो थांबू शकत नाही. बॅटरी लवकर मेली की दोष मात्र त्याच्याच माथी. तेव्हा निगेचा प्रश्न हा कराराचा प्रश्न आहे. बॅटरीचा खर्च कोणाचा, हे लेखी ठरले पाहिजे. स्टँडवर दुपारी चार्जिंगची सोय मागितली पाहिजे. एक हायड्रोमीटर आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मात्र वर्गणी काढून आपण आजच ठेवू शकतो.

शेवटी, मेलेली बॅटरी घरी फोडू नये. शिशाचे विष मुलाबाळांना बाधते. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्यावी आणि पावती जपून ठेवावी.