इंजिनाचा श्वास आणि श्रावकाची यतना

पाणी गाळून पिण्याचा नियम जैन कुटुंबात लहानपणापासूनच अंगवळणी पडतो. गाळणे जाड असावे, दुहेरी असावे, ते कोठे फाटलेले नसावे आणि गाळून झाल्यावर जिवाणी जपून मूळ जलाशयात परत सोडावी, इतक्या बारकाईने घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया हा नियम सांभाळत आल्या आहेत. त्याच घराच्या अंगणात किंवा गोदामासमोर उभा असलेला ट्रकही रोज काहीतरी गाळून घेत असतो. तो हवा गाळतो. त्याच्या गाळणीकडे मात्र घरातील कोणाचे सहसा लक्ष नसते. ते काम चालकावर किंवा गॅरेजमधील मिस्त्रीवर सोपवलेले असते.

इंजिन किती हवा घेते याची कल्पना साध्या हिशेबाने येते. एक लीटर डिझेल पूर्ण जळण्यास किमान दहा हजार लीटर हवा लागते; डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहूनही अधिक हवा ओढते. लीटरमागे चार किलोमीटर चालणारा भरलेला ट्रक शंभर किलोमीटरच्या फेरीत २५ लीटर डिझेल जाळतो, म्हणजे निदान अडीच लाख लीटर हवा आत घेतो. दहा फूट लांब, तितक्याच रुंद व उंच अशा जवळजवळ नऊ खोल्या भरतील एवढी ही हवा असते. तिच्याबरोबर रस्त्यावरची जी धूळ येते, तिला अडविणारी वस्तू एकच, ती म्हणजे एअर फिल्टर.

गोंदियाची धूळ

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा आणि राइस मिलांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. खरिपाचे धान निघाले की गोंदिया, आमगाव, गोरेगाव, तिरोडा, सालेकसा या भागांतील गावरस्त्यांवर भरलेल्या गाड्यांची ये-जा सुरू होते. मुरमाच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला की मागच्या ट्रकला समोरचे दिसेनासे होते. तिकडे देवरी आणि सडक अर्जुनी तालुक्यांतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ छत्तीसगडची अवजड वाहतूक रात्रंदिवस वाहून नेतो.

या धुळीत आणखी एका गोष्टीची भर पडते. उसना तांदूळ तयार करणाऱ्या मिलांच्या बॉयलरमध्ये धानाचाच भुसा जाळला जातो. भुशाच्या राखेचा फार मोठा भाग सिलिका असतो. रस्त्यावरच्या मातीतील क्वार्ट्झ हेही सिलिकाचेच रूप आहे, आणि ते साध्या पोलादाहून कठीण असते. मिलच्या आवारात उभ्या असलेल्या आणि चालू ठेवलेल्या ट्रकच्या इंजिनापर्यंत ही धूळ व राख दोन्ही पोहोचतात.

इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि लाइनर यांच्यामध्ये ऑइलचा अत्यंत पातळ थर असतो. त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रॉनचा धरला, तर इंजिनाला सर्वांत घातक ठरणारे कण ५ ते २० मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असतात. ते ऑइलच्या थरात शिरून पॉलिश पेपरसारखे काम करतात. रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन उतरते, इंजिन ऑइल खाऊ लागते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर दिसू लागतो. टर्बो असलेल्या गाडीत वेगाने फिरणाऱ्या पात्यांनाही हीच धूळ खाते. शेवटी इंजिन उतरवून काम काढावे लागते. खर्च लाखाच्या घरात जातो, गाडी हंगामात उभी राहते आणि बँकेचा हप्ता तेवढा चालू राहतो.

तीन प्रकारच्या गाळण्या

जुन्या ट्रक, जीप आणि ट्रॅक्टरमध्ये ऑइल-बाथ फिल्टर असे. खालच्या भांड्यातील तेलावर हवा आपटून वळत असे आणि धूळ तेलात बसत असे. भांडे धुऊन, नवे तेल भरून तो पुन्हा वापरता येई. बारीक कण अडविण्यात मात्र तो कमी पडे. त्याची जागा घडीच्या कागदी फिल्टरने घेतली. चांगला कागदी फिल्टर चाचणीतील धुळीपैकी ९९ टक्क्यांहून अधिक धूळ अडवतो. तिसरा प्रकार तेल लावलेल्या सुती जाळीचा. अमेरिकेतील के अँड एन या कंपनीने १९६९ पासून हा प्रकार प्रसिद्धीस आणला. तो धुऊन, पुन्हा तेल लावून वर्षानुवर्षे वापरता येतो आणि बाजारात ‘परफॉर्मन्स फिल्टर’ म्हणून विकला जातो.

प्रत्येक गाळणीला तीन गोष्टी साधाव्या लागतात. हवा सहज जाऊ द्यावी, बारीक धूळ अडवावी आणि चोंदण्यापूर्वी पुष्कळ धूळ साठवावी. एकाच आकाराच्या गाळणीत हवा अधिक मोकळी सोडायची म्हटले, तर बाकीच्या दोहोंपैकी कशावर तरी पाणी सोडावे लागते. म्हणूनच फिल्टरची परीक्षा आयएसओ ५०११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिन्ही बाजूंनी घेतली जाते. शर्यतीच्या गाडीला थोडा वेळ जास्तीत जास्त हवा हवी असते, आणि तिचे इंजिन वारंवार उघडले जाते. धान वाहणाऱ्या ट्रकचे इंजिन लाखो किलोमीटर न उघडता चालावे, अशी मालकाची अपेक्षा असते. या दोघांची गाळणी एकच असण्याचे कारण नाही.

‘पिकअप’चा मोह

फिल्टर बदलला की पिकअप वाढते आणि ॲव्हरेज सुधारते, असे विक्रेते सांगतात. या दाव्याची एक बाजू अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासली. संगणक-नियंत्रित इंधनपुरवठा असलेल्या आधुनिक पेट्रोल मोटारींत चोंदलेला फिल्टर बदलून नवा घातला, तरी ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र सुधारली. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत दोन ते सहा टक्के इंधन वाचू शकते, असे दिसून आले. चोंदलेला फिल्टर काढल्यानेही आधुनिक मोटारीत इंधन वाचत नसेल, तर स्वच्छ कागदी फिल्टर काढून महागडा जाळीचा बसविल्याने ते कसे वाचेल, हा प्रश्न कोणाही ग्राहकाच्या मनात यावा.

डिझेल ट्रकची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे हवा खरोखरच कमी पडली तर डिझेल अर्धवट जळते, काळा धूर येतो आणि चढावर गाडी दमते. पण त्यावर उपाय आहे वेळेवर बदललेला, कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचा फिल्टर. तेल लावलेल्या जाळीत तेल जास्त झाले, तर ते हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर बसण्याचा धोका असतो. मग इंजिनाचा संगणक चुकीच्या मापावर चालतो.

मोहाची पुढची पायरी अधिक गंभीर आहे. फिल्टरनंतर कोणी इंजिनाच्या संगणकातील नोंदी बदलून डिझेल वाढवून देतो, कोणी सायलेन्सर मोकळा करतो, तर कोणी धूर गाळणारे यंत्रच काढून टाकतो. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना भारत स्टेज-६ हे मानक लागू झाले. त्यामुळे डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गातही काजळी अडविणारी गाळणी आली. म्हणजे आता ट्रकला दोन गाळण्या आहेत. पहिली इंजिनाला धुळीपासून वाचवते, दुसरी रस्त्यावरच्या माणसाला इंजिनापासून वाचवते. पहिलीचा लाभ मालकाला मिळतो, म्हणून ती टिकते. दुसरीचा लाभ परक्याला मिळतो, म्हणून ती काढून टाकण्याचा विचार मनात येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० च्या अहवालात अंदाज दिला की आधीच्या दशकभरात त्या देशातील साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण-नियंत्रक यंत्रे काढली गेली होती. समृद्ध देशातही हा मोह आवरलेला नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हवा व ध्वनिप्रदूषणाच्या मर्यादा मोडणाऱ्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याच मापाचा, त्याच कामाचा फिल्टर बदलणे ही देखभाल होय; इंजिनाची ताकद किंवा धुराची यंत्रणा बदलणे हा फेरफार होय. असा फेरफार उघडकीस आल्यास वॉरंटी आणि विम्याचा दावा हे दोन्हीही अडचणीत येऊ शकतात.

हिशेबाची वही

समजा, एक ट्रक वर्षाला ६०,००० किलोमीटर चालतो आणि लीटरला चार किलोमीटर देतो. त्याला १५,००० लीटर डिझेल लागेल. दर ९० रुपये धरल्यास वर्षाचा डिझेलखर्च साडेतेरा लाख रुपये होतो. तीन टक्के बचतीचे आश्वासन म्हणजे ४०,५०० रुपयांचे आश्वासन, म्हणून ते कानाला गोड लागते. परंतु ही बचत टायरमधील योग्य हवा, संयत वेग, वाजवी भार आणि उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवणे यांतूनही मिळू शकते, आणि त्यासाठी कोणतीही वस्तू विकत घ्यावी लागत नाही.

फिल्टरच्या बाबतीत काही साध्या गोष्टी पाळल्या तरी पुरे. किलोमीटरची छापील मुदत सर्वसाधारण रस्त्यासाठी असते. मिलच्या आवारात व मुरमाच्या रस्त्यावर ती कमी धरावी. अनेक ट्रकांवर फिल्टर चोंदल्याचे दाखविणारा दर्शक असतो. त्याची लाल खूण दिसली की चालढकल करू नये. पंक्चरच्या दुकानात कागदी फिल्टरला जोराची हवा मारून घेण्याची सवय सर्वत्र आहे. त्या झोताने कागदाला न दिसणारी भोके पडतात, आणि फाटक्या गाळण्यातून पाणी गाळल्यासारखे होते. विशेष म्हणजे थोडी धूळ बसलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा बारीक कण अधिक चांगले अडवतो. त्यामुळे रोज उघडून झटकण्यात फायदा नसून नुकसानच आहे. आतला दुसरा, सुरक्षेचा फिल्टर कधीही साफ करू नये, तो बदलावाच. फिल्टरनंतरच्या रबरी नळीला चीर असेल किंवा क्लिप सैल असेल, तर उत्तम फिल्टरही व्यर्थ ठरतो. मूळ कंपनीबाहेरचा माल वाईटच असतो असे नाही. नामांकित उत्पादकांचे फिल्टर पक्क्या बिलावर अधिकृत विक्रेत्याकडून घेता येतात. बिलाविना मिळणारा स्वस्त माल बनावट असण्याची शक्यता लक्षात ठेवावी.

यतना

उपासकदशांगात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भाटककर्म, म्हणजे भाड्याने वाहतूक करण्याचा व्यवसाय, मोजला आहे. मिल आणि वाहतूक यांवर उपजीविका असलेल्या कुटुंबांना हे वचन अवघड वाटणे स्वाभाविक आहे. सर्वांनाच व्यवसाय सोडता येत नाही. परंतु ज्याला तो सोडता येत नाही, त्याच्यावर यतनेची जबाबदारी अधिक येते. गुणव्रतांपैकी अनर्थदंडविरमण हेच सांगते की प्रयोजनाविना होणारी हिंसा तरी टाळावी. पोटासाठी ट्रक चालविणे प्रयोजनात बसेल. केवळ गर्जना ऐकू यावी म्हणून सायलेन्सर मोकळा करणे, समोरच्याला मागे टाकता यावे म्हणून डिझेल वाढविणे आणि त्यापायी काळा धूर सोडणे कोणत्याही प्रयोजनात बसत नाही. वायुकायिक जीवांचा विचार करणाऱ्या आणि बोलताना मुखवस्त्रिका धरणाऱ्या साधु-साध्वींचा विहार याच रस्त्यांच्या कडेने होतो. नवेगाव व नागझिरा या जंगलांना जोडणारा वन्यप्राण्यांचा मार्गही महामार्गाला छेदतो. तेथे वाढलेला वेग आणि आवाज कोणाच्या जिवावर बेततो, हे वेगळे सांगावयास नको. मिलच्या दारात पोती उचलणारे हमाल आणि केबिनमध्ये झोपणारा चालक हेही तोच धूर श्वासात घेतात.

दिवाळीला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, व्यापारी घरांत नव्या वह्यांचे पूजन होते. त्याच सुमारास धानाचा हंगाम आणि धुळीचे दिवस सुरू होतात. नव्या वहीत प्रत्येक गाडीसाठी एक पान राखून त्यावर किलोमीटर, डिझेल, फिल्टर बदलल्याची तारीख आणि धूर-तपासणीचे प्रमाणपत्र संपण्याची तारीख लिहिण्याचा परिपाठ ठेवता येईल. ते पान महिन्यातून एकदा चालकासमोर बसून वाचावे, आणि गाडीत कोणताही फेरफार मालकाला विचारल्याविना होणार नाही, एवढे त्याच्याशी ठरवून घ्यावे.