बोटांची लांबी आणि विड्यांचा हजार

हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवून पाहा. अंगठ्याशेजारची तर्जनी लांब, की करंगळीशेजारची अनामिका? प्रश्न हस्तसामुद्रिकाचा नाही, वैद्यकशास्त्राचा आहे. अनामिका तर्जनीपेक्षा लांब असणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळते आणि स्त्रियांत हा संबंध जास्त ठळक असतो, असे इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांना २००८ साली दिसून आले. बोटांची ही ठेवण आईच्या पोटातच ठरते.

मग खुद्द बोटांच्या सांध्यांचे काय? नुसत्या लांबीवरून त्यांचे भाकीत करता येत नाही. आजीच्या बोटांच्या टोकाशी दिसणाऱ्या टणक गाठी म्हणजे सांध्यांच्या झिजेची खूण. वय, आनुवंशिकता आणि स्त्री असणे ही तिची मुख्य कारणे. चौथे कारण म्हणजे काम. अमेरिकेत व्हर्जिनियातील एका लोकर गिरणीतील कामगार स्त्रियांचे हात १९७८ साली तपासले गेले, तेव्हा ज्या विभागात जसे काम तसे सांधे बिघडलेले आढळले.

सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. इथल्या जुन्या गिरण्यांचे भोंगे थांबले, पण पूर्वभागातल्या घरोघरी बायकांची बोटे थांबली नाहीत. कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ साली विडी कामगारांना दहा हजार घरे मिळाली. तिथेही मांडीवर सूप आहेच. तेंदूचे पान भिजवायचे, कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड बंद करायचे. मजुरी हजारावर. म्हणजे हजार विड्यांना हजार वेळा वळणे आणि हजार गाठी! सगळा भार अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांवर.

म्हणूनच ‘वय झालं, दुखायचंच’ म्हणून हे दुखणे झटकू नये. मधूनमधून बोटे सैल सोडावीत, कोमट पाण्यात शेकावीत. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकला किंवा सांधे सुजून गरम लागले, तर तो संधिवात असू शकतो. डॉक्टरांना लवकर दाखवावे. मात्र विसाव्याचा सल्ला देणे सोपे आहे. जिची मजुरी हजारावर मोजली जाते, तिला घटकाभर विसावाही पदरचे पैसे मोडून घ्यावा लागतो. अनामिकेची लांबी कुणाच्या हातात नाही. घरातल्या बाईची पाने कापून देणे, दोरा बांधू लागणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.